कॅम्पसवरचा ऑक्टोबर : तयारीचे अनुभव

भाद्रपद सरत आला की मुंबईतल्या कॅम्पसवर सगळं एकदमच सुरू होतं. भोंडला, रक्तदान शिबिर, एकांकिकेच्या तालमी, वन्यजीव सप्ताह, कंदिलाची कार्यशाळा. मध्येच पहिल्या सत्राची परीक्षा, लगेच दिवाळीची सुट्टी. हातात खरे दिवस येतात जेमतेम तीन आठवडे, आणि त्यातही परतीचा पाऊस. ज्यांनी ही कामं स्वतः उभी केली आहेत त्यांनी इथे लिहावं, ही विनंती. आठवणी नकोत, मापं, वेळा आणि कुठे, का बिघडतं, एवढंच पुढच्या मुलांच्या कामाचं आहे. आतापर्यंत आलेलं खाली विषयवार दिलं आहे.

मैदान आणि मंडप

तारीख ठरवण्याआधी आभाळाचा विचार करा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याआधीचा कोणताही कार्यक्रम उघड्यावर ठरवू नये. ठरवलाच तर सभागृह त्याच दिवसासाठी राखून ठेवावं. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर, गडगडाट करत येतो. त्यामुळे सकाळी ८ ते ११ ही वेळ त्यातल्या त्यात सुरक्षित.

सपाट कापडी मंडप पाणी धरतो, मध्ये पोट येतं आणि एका कोपऱ्याचा बांबू निसटला की सगळं खाली. वर ताडपत्री हवी आणि दर दहा फुटांना दोन फूट तरी उतार हवा, तोही प्रेक्षकांच्या मागच्या बाजूला. वायर जमिनीवर नको. विटांवर उचलून घ्या, आणि जोड असेल तिथे उलटी बादली ठेवा. गडगडाट सुरू झाला तर लोखंडी खांबांचा मंडप रिकामा करून सगळ्यांना इमारतीत न्यायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. यात सूट नाही, पाहुणे कितीही मोठे असोत.

ध्वनी आणि प्रकाश

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. शांतता क्षेत्रात (शाळा-कॉलेजं, रुग्णालयांभोवतीचा परिसर) दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, म्हणजे नेहमीच्या बोलण्यापेक्षाही थोडी कमीच. त्यामुळे वाद्यवृंद आणि गरबा बंदिस्त सभागृहातच ठेवा. परवानगीचे अर्ज तीन आठवडे आधी, आणि अर्जात कार्यक्रम साडेनऊलाच संपवा. आवराआवरीत अर्धा तास सहज जातो.

जुन्या सभागृहात पंधरा अँपिअरच्या एका प्लगवर १००० वॉटचे तीनच हॅलोजन. तीन दिव्यांना तेरा अँपिअर लागतात, चौथा लावला की सर्किट पडतं आणि नेमकं नाटकातल्या प्रवेशाच्या मध्यावर पडतं. आवाजाचा मिक्सर आणि दिवे वेगवेगळ्या लाइनवर घ्या, नाहीतर डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचं बटण) फिरवला की स्पीकरमधून घुंईं येत राहते.

एकांकिका

राष्ट्रीय पातळीवरच्या युवा महोत्सवाचे नियम धरूनच बसवा : तीस मिनिटं, रंगमंचावर नऊ जण, साथीला तीन. नेपथ्य लावायला आणि काढायला मिळून दहा मिनिटं. सगळे संवाद घासतात, पण ही दहा मिनिटं कोणी घासत नाही. घड्याळ लावून नुसतं नेपथ्य लावण्याची तालीम किमान सहा वेळा करा. प्रत्येकाने दोनच वस्तू उचलायच्या, जागेवर चिकटपट्टीची खूण, खुणेचा रंग माणसागणिक वेगळा. प्रयोग सत्तावीस मिनिटांचा बसवा. हशा आणि टाळ्या उरलेली तीन मिनिटं खातात. स्किटला (छोट्या विनोदी प्रसंगाला) दहा मिनिटं आणि सहा जण, मूकनाट्याला पाच मिनिटं आणि सहा जण.

भोंडला

भोंडला सूर्य हस्त नक्षत्रात असताना, म्हणजे साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. पाटावर हत्ती काढून ठेवला की मध्य ठरतो, मग जागा मोजा. साठ जणींचा एकच फेर केला तर प्रत्येकी तीन फूट धरून घेर होतो १८० फूट, म्हणजे आरपार जवळजवळ ५७ फूट. एवढ्या फेरात मध्यभागी गाणाऱ्यांचा आवाज कडेला पोचत नाही, ओळ मागेपुढे होते आणि पावलं चुकतात. आत चोवीस, बाहेर छत्तीस असे दोन फेर करा.

खिरापत म्हणून वाटली डाळ हा हट्ट कॅम्पसवर टाळावा. ओल्या नारळाची डाळ सकाळी करून संध्याकाळी वाटायची म्हटलं तर ऑक्टोबरच्या उकाड्यात हमखास आंबते. दाण्याचे लाडू, खोबऱ्याच्या वड्या, चिवडा चालतात. डबा घट्ट झाकणाचा घ्या. वास सुटला तर ओळखण्याची मजाच गेली!

रक्तदान शिबिर

पावसाळ्यानंतरचे दिवस म्हणजे मलेरिया आणि डेंग्यूचे. मलेरिया होऊन गेलेल्याला बरं झाल्यावर तीन महिने रक्त देता येत नाही. हे पोस्टरवरच मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे मुलं तासभर रांगेत उभी राहून परत जात नाहीत. सोबत वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, टॅटूनंतर बारा महिने, आणि मागच्या रक्तदानाला मुलांसाठी ९० तर मुलींसाठी १२० दिवस झालेले असावेत. हे प्रश्न नोंदणीच्या टेबलावरच विचारा.

एका खाटेवर तासाला तीन जण होतात. पाच खाटा, चार तास, म्हणजे साठ जण. शंभराचा आकडा जाहीर करून पाच खाटा मागवू नका. चक्कर येते ती बहुतेक उपाशीपोटी आलेल्याला, आणि रक्त दिल्यावर लगेच जिना उतरणाऱ्याला. शिबिर तळमजल्यावरच ठेवा. खाऊची खोली खाटांना लागून असावी, आणि तिथे पंधरा मिनिटं बसवून ठेवणारं, गोड बोलणारं पण ठाम माणूस नेमा. उपाध्यक्षांच्या भाषणापेक्षा हे माणूस महत्त्वाचं आहे.

कंदील

पारंपरिक कंदील म्हणजे सहा चौकोन आणि आठ त्रिकोण, पण बांबूच्या कामट्या लागतात फक्त चोवीस. प्रत्येकी चार कामट्यांचे सहा चौकोन वेगवेगळे बांधायचे; टोकांवर दोऱ्याची फुली, गाठ सैल. मग चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून त्यांचे डावे-उजवे कोपरे एकमेकांना बांधा, फेर तयार होतो. वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन आडवा, खालच्या चार टोकांना सहावा. त्रिकोण आपोआप पडतात.

बिघडतं ते इथे : मुलं पहिल्याच चौकोनाच्या गाठी आवळतात. चौकोन मुळात हलतो, त्याचा शंकरपाळा होतो, आणि तो वाकडेपणा आवळलेल्या गाठीत कायमचा बसतो. त्रिकोण हलत नाही. म्हणून सहाही चौकोन जोडून आठ त्रिकोण पडले, सांगाडा हातात फिरवून सरळ केला, की मगच बाराही सांधे आवळायचे. कामट्यांच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर हे सगळं करूनही कंदील कलतो, म्हणून कापताना एकच कामटी माप म्हणून धरा. कापलेल्या कामटीवरून पुढची मापत गेलात तर चूक वाढत जाते.

नऊ इंची कामट्या घेतल्या तर एका कंदिलाला अठरा फूट पट्टी. चाळीस कंदिलांना ९६० कामट्या. तुटफूट धरून १०५० कापून घ्या, तासून, नाहीतर बोटात कुसळं जातात. पतंगी कागद दहा इंचाचा चौकोन, म्हणजे चहूबाजूंनी दुमडायला अर्धा इंच. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. ओला पतंगी कागद बोट लागलं तरी फाटतो. खळ त्याच सकाळी शिजवा : एक वाटी मैद्याला सहा वाट्या पाणी. शिळी खळ दमट हवेत आंबते. वरचा चौकोन उघडा ठेवा, तिथूनच दिवा जातो. दिवा पाच वॉटचा एलईडी. जुना पिवळा बल्ब कागद करपवतो. जोडीने काम केलं तर तीन तास, एकट्याला पाच.

वारसा फेरी

मुंबई विद्यापीठाचा फोर्ट कॅम्पस आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. फेरीची वेळ मात्र उन्हावर ठरवा. राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह ओव्हलच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेला. सकाळी त्यांचं कोरीवकाम सावलीत असतं आणि फोटो काळे येतात. दुपारी चारनंतर दगड उजळतो. मैदानापलीकडच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींचं उलट, त्या सकाळीच बघाव्यात. ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो, तेव्हा साडेतीनला निघा. एका वाटाड्यामागे वीसच जण.

फुलपाखरं

वन्यजीव सप्ताह २ ते ८ ऑक्टोबर. पहाटे सहाला बोलावू नका, फुलपाखरं ऊन अंगावर आल्याशिवाय उडत नाहीत. साडेआठ ते अकरा ही वेळ. आधी झाडं शोधा : कढीपत्ता आणि लिंबाच्या पानांवर कॉमन मॉर्मनच्या अळ्या, रुईवर प्लेन टायगरच्या. राज्य फुलपाखरू नीलवंतही लिंबावरच अंडी घालतं. फेरीच्या आठवडाभर आधी बागकाम विभागाला सांगून ठेवा, नाहीतर दसऱ्याच्या साफसफाईत रुईची झुडपं अळ्यांसकट उपटली जातात.

मैदानवाल्यांची भर

कंदिलाच्या कामट्या मंडपाच्या बांबूतूनच फाडून घ्यायचा विचार असेल तर थांबा. तो बांबू पावसात भिजलेला असतो, फाडताना नीट चिरत नाही आणि वाळताना पिळतो. कामट्यांचा बांबू वेगळा आणा आणि आठवडाभर गच्चीखालच्या जिन्यात उभा करून ठेवा.