जेसी व्हेंचुरा यांचा 'सील' असल्याचा दावा कितपत खरा?

प्रश्न: १९९८ साली रिफॉर्म पक्षातर्फे सुमारे ३७ टक्के मते मिळवून मिनेसोटाचे गव्हर्नर झालेले व्यावसायिक कुस्तीगीर जेसी व्हेंचुरा स्वतःला अमेरिकी नौदलाच्या 'सील' या विशेष कमांडो दलातले म्हणवतात. तो दावा खोटा मानावा का?

प्रतिसाद १: सरसकट खोटा म्हणता येणार नाही. ते पाण्याखालील सुरुंगकाम करणाऱ्या पथकात, म्हणजे यूडीटी १२ मध्ये होते. या पथकांचे आणि सील जवानांचे खडतर प्राथमिक प्रशिक्षण एकच असे, आणि १९८३ मध्ये ही पथके सील दलात विलीनही झाली. परंतु व्हेंचुरा त्याआधीच सेवेतून बाहेर पडले होते, त्यामुळे सील म्हणून लढलेल्या काही माजी सैनिकांची नाराजी मला रास्त वाटते.

प्रतिसाद २: मला त्यांचा कारभार अधिक तपासावासा वाटतो. शिलकीतून करदात्यांना परतावे दिले गेले, ते लोकप्रियही ठरले; पण २००३ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा राज्यापुढे चार अब्ज डॉलरहून अधिक तूट उभी होती.

प्रश्नकर्ता: तुटीचे सगळे खापर त्यांच्यावर फोडणे अन्यायाचे होईल. २००१ ची मंदी देशव्यापी होती आणि २००२ मध्ये विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून अर्थसंकल्पाची डागडुजी केली होती.