विंगेत प्रॉम्प्टिंग: ब्राइटनेस तळाला नेला की संहिता वाचता येत नाही

विंगेतला (पेडणे)
गावच्या जत्रेच्या नाटकाला मी प्रॉम्प्टर. संहितेची जुनी वही स्कॅन करून फोनवर घेतलीय. विंग म्हणजे एक काळं कापड. ब्लॅकआउटमध्ये फोन जरा उजळला की पुढच्या रांगेतली पोरं नट सोडून मलाच बघतात. म्हणून ब्राइटनेस पार तळाला. मग पिवळट कागदावर हिरवट डाग दिसतात आणि पेन्सिलीच्या खुणा ('इथे थांब', 'तबला') गायब. रंग उलटे केले तर आणखी गढूळ. फोन ओलेड आहे. नवा घे म्हणू नका, कमिटीकडे माइकचेच पैसे नाहीत.

फोंडेकर
फोन बिघडलेला नाही रे. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. फार मंद केला की करंट इतका बारीक होतो की पिक्सेला-पिक्सेलांतला मूळचा फरक उघडा पडतो. अँड्रॉइड १२ पासून 'एक्स्ट्रा डिम' आहे, स्क्रीन आणखी मंद करणारी सोय. ब्राइटनेस मध्यावर ठेवून ते लाव. आयफोनला तसंच 'रिड्यूस व्हाइट पॉइंट'.

प्रकाशवाला डिचोली
त्यानं लुकलुक कमी होईल, डाग नाही जायचे. एक्स्ट्रा डिम चित्रातल्या छटाच खाली ढकलतं. पेन्सिल आधी मरणार. उजेड नको कमी करू, उजळणारी जागा कमी कर! ओलेडचा काळा पिक्सेल बंदच असतो. पण तुझा कागद पिवळट, उलटा केला की करडा होतो, नेमका डाग दिसतात तितका मंद. आधी फोटो एडिटरात लेव्हल्स (गडद-फिकट ठरवणारे स्लायडर) ओढून कागद पांढराशुभ्र कर, मगच रंग उलटे कर. निव्वळ ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर नको, खुणा पुसल्या जातील.

साखळीची ताई
एलसीडी टॅबवर याचा उपयोग नाही हो. आमच्या भजनी मंडळाचा तसलाच आहे. मागचा दिवा पेटलेला, काळंसुद्धा चमकतं.

विंगेतला (पेडणे)
लेव्हल्सनी काम झालं, प्रकाशवाले बाब. मागचं काळंकुट्ट, 'इथे थांब' स्वच्छ. 'तबला' फारच फिकट होतं, ते बॉलपेननं गिरवून परत स्कॅन केलं. नाइट लाइट लावून अक्षरं पिवळी केलीत, ब्राइटनेस पाव पट्टीवर. फक्त पान सरकवताना अक्षरांमागे जांभळट शेपूट येते.

प्रकाशवाला डिचोली
बंद पिक्सेल जागा व्हायला वेळ घेतो. सरकवू नको, पानं उलट.