ब्रोमोबेंझीन वापरताना काय जपायचं? ग्रिन्यार्ड सुरूच होईना

एमएस्सीवाला_सोलापूर: ब्रोमोबेंझीन अन् मॅग्नेशियमपासून ईथरमध्ये फिनाइल मॅग्नेशियम ब्रोमाइड (ग्रिन्यार्ड रिएजंट) करायचंय, दोनदा केलं, मॅग्नेशियमचे तुकडे खाली तसेच चकचकीत पडून, ईथर मात्र निम्मं उडालं. आणि ब्रोमोबेंझीनचा वास येतोय म्हणजे कितपत विषारी ओ हे?

जुना_केमिस्ट: अरे बाबा ईथर उकळतं ३४.६ ला आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच ४० च्या वर, मग ते थांबणार कसं, पहाटे कर नाहीतर कंडेन्सरला बर्फाचं पाणी दे. काचसामान ओव्हनमध्ये वाळवलंस का? थोडंसं पाणी राहिलं तरी ग्रिन्यार्डचं बेंझीन होऊन बसतंय. आयोडीनचा एक खडा टाक, रंग गेला अन् गढूळ झालं की समज रिॲक्शन सुरू झाली.

लॅबताई: विषाचं सांगते. मेन धोका लिव्हरला. शरीरात ब्रोमोबेंझीनचं इपॉक्साइड (पेशींना चिकटणारा घातक पदार्थ) होतं, लिव्हरमधलं ग्लुटाथायोन ते आवरतं, हे ग्लुटाथायोन संपलं की लिव्हरच्या पेशी मरायला लागतात. कातडीला जळजळ होते ती वेगळीच. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) ५१ अंशांच्या आसपास, म्हणून बाटली खिडकीतल्या उन्हात नको. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) चालू ठेव, आणि बेसिनमध्ये ओतू नकोस, पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, विरघळत नाही, बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये (पाइपच्या वाकात) तळाला जाऊन बसतं. आमच्याकडं एकानं ओतलेलं, आठवडाभर वास!

जुना_केमिस्ट: ग्रिन्यार्ड जमलं की सुझुकी (दोन रिंगा जोडायची रिॲक्शन) करून बघ, ब्रोमोबेंझीनपासून फिनाइल बोरॉनिक ॲसिडसोबत पॅलेडियमवर बायफिनाइल मिळतं. तिथं पाणी चालतंय, तेवढंच सुख.

एमएस्सीवाला_सोलापूर: ओव्हनमधून काढून रात्रभर टेबलावर ठेवलेलं ओ काचसामान 😅 उद्या पहाटे येतो