उन्हाळा आवरताना: मृगाआधीचा पंधरवडा तुमच्या घरी कसा जातो?

उन्हाळा सुरू झाला की सगळेच लिहितात. पन्हं, वाळवणं, आजोळ, पत्त्यांचे डाव, दरवर्षी वाचून पाठ झालंय. पण 25 मेच्या सुमारास रोहिणी लागते तिथपासून 7-8 जूनला मृग लागेपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी वळत नाही. घरातली खरी धांदल तेव्हाच असते. माणसं निघायला लागलेली असतात आणि सामान आत यायला लागलेलं असतं. कुणाची सुट्टी संपते, कुणाची तेव्हाच सुरू होते. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. बालपणीच्या आठवणींचे उमाळे शक्यतो नकोत. यंदाचं लिहा, कामाचं लिहा, कोणावर काय पडतं ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून, पुण्याहून. यंदा अधिक ज्येष्ठ आला आहे, 17 मे ते 15 जून. मागचा अधिक महिना 2023 साली श्रावणात होता, तेव्हा धोंडे नुसत्या तुपाबरोबर झाले. यंदा जावई ऐन आमरसात आले. धोंडे, रस आणि वर अनारसे असं एका पानात वाढल्यावर जावयाची दुपारच्या झोपेची सोयही सासऱ्यालाच करावी लागते. माझी खोली गेली. गाद्या ऊन दाखवून माळ्यावर टाकायच्या होत्या, त्या अजून बैठकीत पसरलेल्या आहेत. तक्रार नाही. नोंद आहे.

गुहागर तालुक्यातून

आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, सगळी कामं सांगत बसले तर धागा इथेच संपेल. लाकूडफाटा पडवीत रचायचा, आठळ्या मातीत घोळवून ठेवायच्या, फणसपोळी आणि आंबापोळी डब्यांत भरायची, सुकट-बोंबलांना शेवटचं ऊन दाखवून पुन्हा बांधायचं, पाऊस ज्या अंगाने मारतो तिकडे झापं बांधायची. कौलं परतायला माणूस मिळेना म्हणून मागच्या पडवीवर पत्रे टाकले. तेवढं एक काम वाचलं. पावसात तिथे उभं राहून फोनवर बोलता येत नाही, ते वेगळं.

सगळ्यात नाजूक काम आमसुलांचं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, सालं वेगळी करायची, गर मिठात घालून आगळ काढायचं. मग सालं उन्हात, संध्याकाळी आगळात, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात, असं सालं काळी आणि चिवट होईपर्यंत. यात खंड पडून चालत नाही. गेल्या वर्षी, 2025 ला, मे अर्धा होतो न होतो तोच पाऊस सुरू झाला आणि 26 मेला मान्सून मुंबईतसुद्धा पोचला. एरवी तिथे 11 जूनची वाट बघतात. आमची निम्मी सालं बुरशीने गेली. राहिलेली सासूबाईंनी चुलीवरच्या फळीवर धुरात सुकवली, त्यामुळे वर्षभर सोलकढीला धुराचा वास होता. मुंबईच्या पाहुण्यांना तो फार आवडला. खास पद्धत आहे का, असं विचारत होते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सुट्टी आणि आगोट एकाच वेळी येतात. घर माणसांनी भरलेलं असतं तेव्हा दोन वेळचं रांधणं आणि बेगमी दोन्ही त्याच बायकांच्या हातात. चार हात मदतीला लावावेत म्हणेपर्यंत त्यांच्या परतीच्या गाड्या. जूनच्या मध्यापर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश धावतात, म्हणून सगळ्यांना त्याआधीची तिकिटं हवीत. ती साठ दिवस आधी उघडतात. म्हणजे कोण कधी जाणार ते चैत्रातच ठरलेलं असतं आणि ते ठरवताना रातांब्यांचा विचार कोणी करत नाही.

यंदा मी मोठ्या जाऊबाईंना मार्चमध्येच फोन करून सांगितलं, तिकीट काढायच्या आधी आमसुलांचे दिवस धरा. त्या आल्या, भावजींनाही घेऊन आल्या. भावजी ओटीवर बसून रातांबे फोडत होते, बनियनभर लाल डाग. ते काही जात नाहीत. तो बनियन त्यांनी पुढच्या वर्षीसाठी इथेच खुंटीला ठेवलाय.

डोंबिवलीहून

वरच्या ताईंचं सगळं मान्य. आम्ही तेच, पाहुणे. पण इकडे उतरल्यावर काय असतं तेही ऐका. घर महिनाभर बंद, दार उघडलं की कोंदट वास. पिशवीतले गरे गाडीतच पिकायला लागलेले, त्यामुळे आल्या आल्या शेजारीपाजारी वाटप, अंघोळ नंतर. मग शाळेची तयारी. उन्हाळ्यात मुलं किती वाढली ते गणवेश चढवल्यावर कळतं. सासूबाई दरवर्षी शर्ट-पँट शिवणाऱ्याला बजावून आत दुमड ठेवायला लावतात आणि जूनमध्ये ती उसवून उंची वाढवतात. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग दिसतो, गडद निळा. थोरल्याला त्याची लाज वाटते, धाकटीला अभिमान. रेनकोटला दुमड नसते, तो घ्यावाच लागतो.

यवतमाळहून

तुमचं आवरणं सुरू आणि आमच्याकडे आत्ता कुठे नवतपा सुरू! 25 मेपासून नऊ दिवस, रोहिणीचे. कूलर आवरायचं नाव काढलं तर बाबा अंगावर येतात. मृग लागून दोन-तीन पाऊस झाले तरी कूलर खिडकीतच राहतो, कारण मधली उघडीप आली की उकाडा आधीपेक्षा वाईट. ओलसर हवेत कूलर फक्त आवाज करतो. पण त्या आवाजाशिवाय आमच्या घरात कोणाला झोप लागत नाही.

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटाकडे. त्यामुळे पुण्याची भाचरं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघून जातात आणि आमची दोघं इथे मागे उरतात. ते दोन आठवडे जास्त कठीण. उन्हं आहेत, सुट्टी आहे, पण भांडायला कोणी नाही. मग दोघं एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणाला पंच लागतो.

लातूर जिल्ह्यातून

शेतकऱ्याच्या घरात हा पंधरवडा म्हणजे बियाण्याचा. आम्ही सोयाबीनचं घरचंच बी ठेवतो. ते पेरायला चालतं, फक्त उगवण तपासून घ्यावी लागते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त कोंब चांगले निघाले तर एकरी 30 किलो पुरतं. कमी निघाले तर त्या हिशेबाने बी वाढवायचं, फारच कमी असतील तर ते बी मोडीत.

आमच्याकडे हे मोजणं नातवाचं काम. तो तिसरीत जाणार आहे. यंदा त्याने 78 सांगितले, आबांनी मोजले तर 74. वाद झाला. चार कोंब वाकडे होते, ते धरायचे की नाही यावर. आबांचं म्हणणं, वाकडा कोंब जमिनीतून वर येत नाही. नातवाचं म्हणणं, उगवलाय तर उगवलाय. शेवटी आबांचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला आणि नातवाचा त्याच्या खाली, कंसात.

दुसरा वाद दरवर्षीचा आहे, माझ्यात आणि धाकट्या भावात. पहिला पाऊस पडला की त्याचे हात शिवशिवतात. कृषी खातं सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो म्हणतो, शेजाऱ्याने तिफण धरली. मी म्हणतो, दुबार पेरणीचं बी शेजारी देणार आहे का? आई दोघांना ताटावरून उठू देत नाही. ती मधेच विचारते, पाऊस पडलाय का आज? नाही ना? मग जेवा.

रायगडच्या किनाऱ्यावरून

बाकीच्यांची माणसं जूनमध्ये घराबाहेर पडतात, आमची घरी येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मेच्या शेवटी बोटी वर ओढायच्या, शाकारून ठेवायच्या, इंजिन उतरवून दुरुस्तीला, जाळी घरी. त्याआधी वलांडीवरचे, म्हणजे सुकवायच्या बांबूंवरचे, बोंबील उतरवायची घाई, कारण एक सर आली की माल काळवंडतो आणि भाव जातो. हे काम बायकांचं आणि त्यापायी झोप आम्हालाच नसते.

मग नवरा दोन महिने घरात. पहिला आठवडा छान जातो. दुसऱ्या आठवड्यात तो माझ्या डब्यांच्या जागा बदलायला लागतो. वर्षभर घर मी एकटीने चालवलेलं, दूधवाल्यापासून शाळेच्या सह्यांपर्यंत. आता प्रत्येक गोष्टीला ‘हे असं का?’ म्हणून विचारणारा माणूस घरात. मी जाळं पुढ्यात टाकते, म्हणते, आधी हे नीट करा. धाकटा मात्र बापाच्या शेजारी बसून विणायला शिकतो, वर्षातून याच दोन महिन्यांत. यंदा अधिक महिन्यामुळे नारळी पौर्णिमा थेट 28 ऑगस्टला आली आहे. बंदी 31 जुलैला उठते, पण आमचे सासरे नारळ वाहिल्याशिवाय बोट पाण्यात घालू देत नाहीत. म्हणजे यंदा तीन महिने. डब्यांना कुलूप लावायचा विचार आहे.

टोरांटोहून

आमचा प्रश्न वेगळाच. ऑन्टारियोत शाळा जूनच्या शेवटी बंद होतात आणि सप्टेंबरमध्ये लेबर डे झाल्यावर उघडतात. म्हणजे माझ्या मुलीची सुट्टी सुरू होते तेव्हा तिच्या सांगलीच्या भावंडांची पहिली घटक चाचणी जवळ आलेली असते. आम्ही जुलैत येतो. भावंडं शाळेत, दुपारी क्लासला. मुलगी दिवसभर आजीबरोबर. तिला मराठी आजीचं येतं, भावंडांचं येत नाही. ‘इश्श’ म्हणते, ‘भारी’ म्हणत नाही. आंबेही संपलेले असतात, आजीने फ्रीजरमध्ये डबा राखून ठेवलेला असतो तेवढाच. यावर उपाय सापडलेला नाही. कोणाला सापडला असेल तर लिहा.

बीड जिल्ह्यातून, शिक्षिका

सगळ्यांचं वाचलं. माझ्या वर्गातली बरीच मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या आगेमागे आईबाप कारखान्याकडे जातात, पट्टा पडला, म्हणजे गळीत हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. म्हणजे ज्याला आपण सुट्टी म्हणतो तेव्हा या मुलांना आईबाप मिळतात. ‘सुट्टीत कुठे गेला होतास?’ हा प्रश्न मी जूनमध्ये विचारत नाही. त्याऐवजी विचारते, घरी काय काय केलं? मग वह्या भरतात. आईने डोकं धुऊन दिलं. बापाबरोबर विहिरीवर गेलो. लग्नात जेवलो, खूप लग्नं होती. एकीने लिहिलं होतं, आई रोज घरी होती. त्या वाक्याला मी काही दुरुस्ती केली नाही, तिने ‘रोज’चं ‘रुज’ केलं होतं तरी.

म्हणून उन्हाळा सरतोय याचं वाईट वाटणारी मुलं माझ्या वर्गात नाहीत. त्यांचा नकोसा महिना आश्विन.

डोंबिवलीहून, पुन्हा

बाई, तुमचा प्रश्न मी थोरल्याला विचारून बघितला. ‘घरी काय केलं’वर तो म्हणाला, रातांबे. आम्ही गुहागरच्या नाही, राजापूरच्या बाजूचे, पण काम तेच.

साताऱ्याहून

एक व्यवहाराचं विचारते, कारण इथे जाणत्या बायका दिसतायत. आमच्याकडे एक पाऊस पडल्याशिवाय लोणच्याची कैरी आणायची नाही अशी शिस्त आहे. तोवर कैरीची कोय चांगली टणक होते आणि फोड मऊ पडत नाही, हे खरंच. पण पावसाळी हवेत फोडी कोरड्या करायच्या कशा? गेल्या वर्षी वरच्या थराला पांढरं आलं. मिठाचं प्रमाण काय धरता?

गुहागर तालुक्यातून, पुन्हा

फोडी बाजारातून फोडून आणल्या असतील तर त्या धुऊ नका, कैऱ्या धुऊन आणि पुसून मगच फोडायला द्या. घरी आल्यावर पंख्याखाली सुती कापडावर रात्रभर. मीठ किलोभर फोडींना दोनशे ग्रॅमच्या खाली नको, आम्ही थोडं वरच धरतो. तेल पूर्ण गार झाल्यावर घाला, फोडींवर दोन बोटं उभं राहील इतकं. आणि पहिले आठ दिवस बरणी कोणालाही उघडू देऊ नका, विशेषतः जावयाला.