मदत हवी आहे: इंग्रजी परीकथांमधले एल्फ, गॉब्लिन, विच मुलांना कसे समजावून सांगावेत?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. यंदा शाळेत इंग्रजी परीकथांची चित्रांची पुस्तकं आली आहेत आणि मुलं त्यांच्यावर तुटून पडली आहेत. एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी लेकरं आता मधल्या सुट्टीत ड्रॅगनचं पान उघडून 'बाई, हितं काय लिव्हलंय?' असं विचारत येतात. ही गोडी मला हातची जाऊ द्यायची नाही. स्नेहसंमेलनात एक छोटी गोष्ट इंग्रजीतून बसवायचाही विचार आहे.

अडचण शब्दांची आहे. शब्दकोश उघडला तर फेअरी म्हणजे परी, पिक्सी म्हणजेही परी आणि एल्फ म्हणजेही परीच. जायंट, ओगर, ट्रोल हे तिघंही राक्षस. चित्रांत मात्र हे सगळे अगदी वेगळे दिसतात, आणि मुलं चित्राकडे बोट दाखवूनच विचारतात. प्रत्येकाची नेमकी ओळख मुलांना पटेल अशा शब्दांत कुणी सांगेल का? स्पेल हा शब्दही अडतो, कारण मुलांना स्पेल म्हणजे स्पेलिंग सांगणं एवढंच माहीत आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते आहे. विचचं चित्र पाहून सातवीतली एक मुलगी म्हणाली, 'बाई, आमच्या गल्लीतल्या म्हातारीला बी असंच म्हणतेत. ती भानामती करती.' आणि वर्गातल्या कितीतरी मुलांनी माना हलवल्या. ती बाई एकटी राहते, तिला कुणी नाही. परीकथेतली विच शिकवताना मुलांच्या मनात तो शब्द गावातल्या जित्याजागत्या माणसाला चिकटू नये यासाठी काय करावं? अनुभवी शिक्षकांनी जरूर लिहावं.

बालाघाट

ताई, एका शब्दाला एक मराठी शब्द हा हट्टच सोडा. प्रत्येकाची दोन लक्षणं सांगा: राहतो कुठे आणि करतो काय. मी माझ्या वर्गात असंच करतो आणि मुलांच्या ते चांगलं लक्षात राहतं.

फेअरीला परी म्हणा, काही हरकत नाही. पण जुन्या कथांमधल्या फेअरी नेहमी पंखवाल्या आणि गोड नसतात. त्या वरदान देतात तसा शापही देतात, आणि आमंत्रण द्यायचं राहिलं तर रागावतातही. सिंड्रेलाला मदत करणारी ती फेअरी गॉडमदर. गॉडमदर म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारी बाई, तेव्हा 'धर्माची आई' म्हटलं की आपल्या मुलांना लगेच कळतं. पिक्सी हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या कॉर्नवॉल आणि डेव्हन भागातलं चिमुकलं खोडकर पात्र. वाटसरूला चकवून रानात फिरवत ठेवणं हा तिचा आवडता उद्योग. आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात, ते सांगा.

एल्फ टोकदार कानांचा, रानात राहणारा. काही गोष्टींमध्ये तो रात्री गुपचूप येऊन गरिबाचं काम करून जातो. ड्वॉर्फ ठेंगणा, दाढीवाला, डोंगराच्या पोटात खाणी खोदणारा आणि लोखंड-सोनं घडवणारा. नोमही जमिनीखालचाच, पण अजून लहान. चित्रात त्याच्या डोक्यावर बहुधा उंच टोकदार टोपी असते. गॉब्लिन कुरूप, लोभी, त्रास देणारा. लेप्रिकॉन आयर्लंडचा, धंद्यानं चांभार, आणि त्याच्याकडे सोन्याचा हंडा लपवलेला.

आता राक्षस. जायंट म्हणजे फक्त आकारानं अवाढव्य. तो चांगला असू शकतो, वाईटही असू शकतो. ओगर म्हणजे माणसं खाणारा. फ्रेंच परीकथांतून तो इंग्रजीत आला, आणि तो बहुतेक वेळा बुद्धीनं मंद असतो, म्हणून लहान मुलगाही त्याला फसवू शकतो. ट्रोल नॉर्वे-स्वीडनकडचा, डोंगरात किंवा पुलाखाली राहणारा. तिकडच्या कथांमध्ये सूर्यप्रकाश अंगावर पडला की त्याचा दगड होतो. आपल्या बालाघाटातल्या एखाद्या उभ्या सुळक्याकडे बोट दाखवून 'हा उन्हात सापडलेला ट्रोल' असं सांगून बघा, पोरं तो शब्द विसरणार नाहीत.

गोदाकाठचा

प्राण्यांची यादी मी देतो. युनिकॉर्न एका शिंगाचा घोडा, एकशिंगी म्हटलं तरी चालेल. ग्रिफिनला गरुडाचं डोकं आणि पंख, बाकी धड सिंहाचं. सेंटॉर कमरेवर माणूस, खाली घोडा. फीनिक्स स्वतःच्या राखेतून पुन्हा जन्मणारा पक्षी. वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस. ड्रॅगनला मराठी शब्द शोधू नका, तो सगळ्यांना माहीत आहे. मर्मेड म्हणजे जलपरी, हे ठीक.

बालाघाट

जलपरीवरून आठवलं. एका शाळेत मर्मेड म्हणजे विहिरीवरच्या साती आसरा असं समजावल्याचं मी ऐकलं होतं. तसं कृपया करू नका. आसरांना गावात शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात. घरच्या बायकांची श्रद्धा तिथे असते. मर्मेड हे कथेतलं पात्र आहे, तिला कुणी पूजत नाही.

प्रतिष्ठान

सगळे शब्द युरोपातल्या चित्रांवरूनच कशाला शिकवायचे? आपला मराठवाडा तर अद्भुत कथांचं माहेर आहे. गुणाढ्याची आख्यायिका सातवाहन राजाच्या दरबारातली, म्हणजे आपल्या पैठणची. पैज हरल्यावर त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या, 'पैशाची' म्हणजे पिशाचांची मानली जाणारी भाषा शिकला आणि सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं ती नाकारली, तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकत गेला. राजा धावत आला तोवर एक लाख श्लोकच उरले होते. मूळ ग्रंथ आज मिळत नाही, पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं त्याच परंपरेतून कथासरित्सागर रचला. यक्ष, विद्याधर, राक्षस, पिशाच सगळे त्यात भेटतात. आणि ही नावं इंग्रजी पुस्तकांतही राक्षस, यक्ष, नाग अशीच छापतात, तेव्हा मुलांना काही इंग्रजी शब्द आधीच येतात म्हणायला हरकत नाही.

वेताळाच्या गोष्टीही त्यातच आहेत. १८७० साली रिचर्ड बर्टननं त्या इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला व्हॅम्पायर केलं. मला ते अजिबात पटत नाही. व्हॅम्पायर रक्त पितो. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो आणि राजाला कोडी घालतो. मुलांना दोघांचे गुण लिहून काढायला सांगा, इंग्रजी वाक्यांचा छान सराव होईल: द व्हॅम्पायर ड्रिंक्स ब्लड, द वेताळ आस्क्स रिडल्स.

आता तुमच्या स्नेहसंमेलनाचं. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एक मोठं भित्तिचित्र आहे, सिंहल अवदानाचं, म्हणजे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेचं. व्यापाऱ्यांचं जहाज फुटतं आणि ते एका बेटावर लागतात. तिथे सुंदर स्त्रिया त्यांचं स्वागत करतात, पण खऱ्या त्या माणसं खाणाऱ्या राक्षसी असतात. एक पांढरा उडता घोडा येतो आणि सिंहल त्याच्या पाठीवर बसून सुटतो. मोहानं मागे वळून पाहणारे मात्र खाली पडतात. या एका गोष्टीत ओगरेस, डिसगाइज, शिपरेक, फ्लाइंग हॉर्स, एस्केप एवढे शब्द येतात. पुढे राजवाड्यात शिरलेल्या राक्षसीचा भाग भयंकर आहे, तो सहावीच्या मुलांसाठी गाळा.

जुनी मास्तरीण

पूर्णाकाठ, तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. मी लातूरकडच्या शाळांमध्ये नोकरी केली. आपल्या सीमाभागात भानामतीच्या नावानं बायकांचे किती हाल झाले, ते मी जवळून पाहिलं आहे. बहुतेक वेळा बाई एकटी असते, विधवा असते, नाहीतर तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. म्हणून त्या मुलीचं बोलणं तुम्ही कानाआड केलं नाहीत, हे फार चांगलं केलंत.

वर्गात विचला चेटकीण, करणीवाली असं काही म्हणूच नका. विचला विचच राहू द्या. चित्रातली उंच टोपी, झाडू, उकळती कढई, काळं मांजर, एवढ्यावर तिला ओळखायला शिकवा. झाडू म्हणजे ब्रूमस्टिक, कढई म्हणजे कॉल्ड्रन, तिच्यातला काढा म्हणजे पोशन. मग मुलांनाच एक चांगली विच रचायला सांगा, जी काढा उकळून गावातल्या गुरांचा आजार बरा करते. ती कागदावरची आहे आणि तिला आपण हवं तसं करू शकतो, हे मुलांना स्वतःच्या हातानं कळलं पाहिजे.

सातवीच्या मुलांना खरा इतिहासही सांगा, ती तेवढी मोठी आहेत. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकात विच ठरवून हजारो माणसं मारली गेली, त्यात बहुतांश बायका. अमेरिकेत सालेम नावाच्या गावी १६९२ साली १९ जणांना फाशी दिलं. सुरुवात लहान मुलींच्या आरोपांपासून झाली होती. आणि १७११ मध्ये तिथल्याच शासनानं त्यांतल्या अनेकांना निर्दोष मानून वारसांना भरपाई दिली. मी हे सांगायची तेव्हा वर्ग एकदम शांत व्हायचा, आणि मुलं आपणहून गावातल्या गोष्टी बोलू लागायची. त्या वेळी उपदेश करू नका, ऐकून घ्या.

आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं, आणि त्यांचा खून झाल्यानंतरच तो आला. अमुक व्यक्ती करणी करते, काळी जादू करते असं पसरवून तिचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूदही आहे. त्या आजींना कुणी त्रास देत असेल तर मुख्याध्यापकांना सोबत घेऊन पोलीस पाटलांच्या कानावर घाला. त्याआधी एकदा त्यांच्या घरी जा, चहा प्या, कशा आहेत विचारा. बाई त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या हे मुलांना दिसलं तर फार फरक पडतो.

तगर

नामं झाली, पण गोष्ट क्रियापदांवर चालते. मुलांना हे तुकडे पाठ होऊ द्या. कास्ट अ स्पेल म्हणजे मंत्र घालणं, ब्रेक द स्पेल म्हणजे मंत्राचा अंमल उतरवणं. पुट अ कर्स ऑन म्हणजे शाप देणं. वेव्ह अ वाँड म्हणजे कांडी फिरवणं. मेक अ विश म्हणजे मनात इच्छा धरणं आणि ग्रँट अ विश म्हणजे ती पुरी करणं. हे दोन मुलं हमखास उलटे वापरतात. व्हॅनिश म्हणजे गुप्त होणं.

टर्न इन्टूवर वेगळा तास घ्या. 'द फ्रॉग टर्न्ड इन्टू अ प्रिन्स' यात बेडूक आपोआप राजपुत्र झाला. 'द विच टर्न्ड द प्रिन्स इन्टू अ फ्रॉग' यात विचनं त्याला बेडूक केलं. या दोन वाक्यांवरून मुलं स्वतःची वाक्यं रचत सुटतात. भूतकाळात कास्ट आणि पुट बदलत नाहीत, ब्रेकचं ब्रोक होतं, हेही तिथेच सांगून टाका.

स्पेलचं उत्तर सोपं आहे. जुन्या इंग्रजीत स्पेल म्हणजे बोल, कथा. त्यातूनच पुढे मंत्राचा अर्थ आला. अक्षरं नीट क्रमानं म्हटली तर शब्द उभा राहतो आणि मंत्र नीट म्हटला तर जादू होते, असं सांगा.

उच्चारांकडे लक्ष द्या, मुलं मंचावर बोलणार आहेत. नोममधला जी बोलायचा नाही, नाइटमधला के नाही, सोर्डमधला डब्ल्यू नाही, कासलमधला टी नाही. आमच्याकडे एका कार्यक्रमात मुलं 'कॅसटल' म्हणत होती आणि कुणी दुरुस्त करून दिलं नव्हतं, फार वाईट वाटलं.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शंका राहिली: विझर्ड आणि मॅजिशियन यांत फरक काय करावा? दोघांनाही जादूगारच म्हणायचं का?

तगर

मराठीत दोघंही जादूगार, चालेल. पण इंग्रजीत हातचलाखीचे खेळ करणाऱ्यालाही मॅजिशियन म्हणतात. शाळेत पत्त्यांचे प्रयोग दाखवायला येतो तो मॅजिशियन. विझर्ड गोष्टीतलाच, बहुधा म्हातारा, पांढऱ्या दाढीचा आणि पोथ्या वाचलेला. लेकरांना पत्त्यांचा खेळ करून दाखवा आणि त्यामागची युक्तीही उघड करा. जुन्या मास्तरीण बाईंनी लिहिलंय, त्या कामालाही उपयोग होईल.

पूर्णाकाठ

हे फारच पटलं. स्नेहसंमेलनासाठी सिंहलाची गोष्ट नक्की करते, घोडा मिळाल्यापर्यंतचीच. राक्षसींना बायकांचे मुखवटे नकोत असं ठरवते आहे; वाघनखं आणि सुळे असलेले ओगरेसचे मुखवटे मुलं स्वतः करतील, आणि त्या भूमिका मुलगे-मुली दोघंही करतील. आजींकडे उद्या शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांसोबत जाणार आहे.

१७ क्रमांकाच्या लेण्यातल्या त्या चित्राचा, विशेषतः उडत्या घोड्याच्या भागाचा, स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. पुठ्ठ्याचा घोडा त्यावरून कापायचा आहे.