मदत हवी आहे: कोची ते क्रीट, तांबड्या समुद्रातून की दक्षिण आफ्रिकेच्या केपला वळसा?

शीडवाला: 38 फुटी फायबरची बोट, एक डोलकाठी, 29 अश्वशक्तीचे इंजिन, 150 लिटर डिझेल, माणसे दोन. फेब्रुवारीत कोचीहून ओमानचे सलाला, जिबुती, सुएझ असा बेत आहे, कारण ईशान्येचा वारा पाठीशी मिळतो. एडनच्या आखातात नौदलांची गस्त असलेल्या, जहाजांच्या राखीव पट्ट्यातून गेले तर चालेल का?

डोलकाठी: वाऱ्याचा हिशोब बरोबर, पण बेत सोडा. तुम्हाला सोयीचा तो शांत समुद्र सोमाली चाच्यांच्या होड्यांनाही सोयीचा असतो. 2011 च्या फेब्रुवारीत ‘क्वेस्ट’ ही शिडाची बोट ओमानच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात धरली गेली, चौघे मारले गेले. तो प्रकार जुना झाला म्हणावे, तर डिसेंबर 2023 मध्ये ‘रुएन’ हे मोठे मालवाहू जहाज पळवले गेले. ते आपल्या नौदलाने मार्च 2024 मध्ये सोडवले.

राखीव पट्टा सुमारे 490 सागरी मैलांचा. 6 नॉटने (ताशी 6 सागरी मैल) साडेतीन दिवस लागतात आणि कोणी पाठलाग केला तर पळता येत नाही. त्यापुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाची बाब-एल-मंदेब सामुद्रधुनी, तिथे येमेनच्या हौथी बंडखोरांची क्षेपणास्त्रे. तुमची विम्याची पॉलिसी उघडून युद्धजोखमीचे कलम वाचा. दक्षिण तांबडा समुद्र बहुधा वगळलेला सापडेल.

शीडवाला: म्हणजे केप. फेब्रुवारीतच निघू?

सुकाणू: कोची सोडायला फेब्रुवारी-मार्च ठीक, मालदीवच्या गानपर्यंत सुमारे 670 मैल. पण पुढे घाई नको. दक्षिण हिंदी महासागरात एप्रिलपर्यंत चक्रीवादळे असतात, मे उजाडू द्या. गान ते मॉरिशसचे रॉड्रिग्ज बेट 1300 मैल. आधी विषुववृत्ताजवळचा पडलेला वारा आणि वावधाने, मग 8-10 अंश दक्षिणेपासून आग्नेयेचा वारा डाव्या कुशीवर. 5 नॉटला ताशी अडीच लिटर धरले तर तुमची टाकी 300 मैलांत संपते. 20 लिटरचे सहा कॅन तरी घ्या.

मॉरिशस, रियुनियन करून ऑक्टोबरअखेर दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बे बंदराकडे निघा. मादागास्करच्या दक्षिण टोकापासून 100 मैल तरी दूर राहा, तिथल्या उथळ पठारावर लाटा फार वाईट उठतात.

डोलकाठी: खरी परीक्षा त्यानंतर. डर्बन ते ईस्ट लंडन 250 मैल, मध्ये शिरायला बंदर नाही. या किनाऱ्याने जाणारा अगुल्हास हा समुद्रप्रवाह नैर्ऋत्येकडे 3-4 नॉटने वाहतो, कधी 5. त्यावर समोरून नैर्ऋत्येचे वादळ आले की लाट आखूड आणि उभी होते, पुढे नुसता खड्डा. मोठी जहाजेही तिथे मोडली आहेत.

नैर्ऋत्य वारा ओसरला, बॅरोमीटर चढून थांबला, की लगेच डर्बन सोडा. 200 मीटर खोलीच्या रेषेवर जा, प्रवाह धरा. 27-28 तासांत पोहोचता. पुढच्या 36 तासांत नैर्ऋत्येचा अंदाज असेल तर निघूच नका, धक्क्याचे भाडे भरा.

शीडवाला: वाटेतच वारा फिरला तर?

डोलकाठी: बॅरोमीटर दर तासाला लिहीत राहा. उतरता उतरता तो थबकला आणि ईशान्येचा वारा अचानक पडला, तर समजा अर्धा-एक तास हातात आहे. ताबडतोब इंजिन लावून किनाऱ्याकडे वळा, 100 मीटर खोलीच्या रेषेच्या आत या. प्रवाह तिथे मंद, लाट बरीच कमी. शीड त्याआधीच तिसऱ्या रीफवर आणा, म्हणजे गुंडाळून अगदी लहान करा, आणि केबिनच्या दाराच्या फळ्या बसवून कड्या लावा.