मदत हवी आहे: ढोलांच्या आवाजाने मांजरीचा दमा वाढतो का?

आमची मनी सहा वर्षांची. दीड वर्षापूर्वी दम्याचं निदान झालं, तेव्हापासून मास्क लावलेल्या स्पेसरमधून (पंपाचं औषध साठवणारी नळी) रोज दोनदा स्टेरॉइडचा पंप देतो. एरवी छान असते. गाढ झोपेत मिनिटाला २२ ते २४ श्वास. मी वहीत लिहून ठेवते.

घर नाशिकला, रविवार कारंजाजवळ. वाकडी बारवेपासून निघालेली विसर्जन मिरवणूक आमच्या दारावरून जाते. मागच्या वर्षी त्या संध्याकाळी मनी पलंगाखाली मान लांब करून, कोपरं फाकवून बसली होती. पोट भात्यासारखं हलत होतं, छातीत शिट्टी वाजत होती. साल्ब्युटामॉलच्या (श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या) पंपाने उतरलं. मला वाटलं, गुलाल आणि फटाक्यांचा धूर बाधला.

पण गेल्या आठवड्यात जवळच ढोलपथकाचा सराव सुरू झालाय. गुलाल नाही, धूर नाही, खिडक्या बंद. तरी अर्ध्या तासात खोकला, आणि रात्री श्वास ३६. तीन दिवस हेच. मधे एकदा पावसाने सराव बुडाला, त्या रात्री २४!

घाबरल्यावर ॲड्रेनॅलिन वाढतं आणि ते तर श्वासनळ्या मोकळ्या करतं ना? मग हे उलटं का? आणि विसर्जनाला तिला शहराबाहेर गिरणाऱ्याला मामांकडे न्यावं का? गाडीत बसवली की ती जिवाच्या आकांताने ओरडते, त्याचीच धास्ती वाटते.

प्रतिसाद

ताई, मी पशुवैद्यक आहे. वही ठेवलीत हे फार बरं केलंत.

ॲड्रेनॅलिनचं बरोबर आहे, पण ताणात तेवढंच घडत नाही. व्हेगस नर्व्ह (मेंदूतून छाती-पोटाकडे जाणारी नस) श्वासनळीचे स्नायू आवळते. शिवाय मज्जातंतूंतून ‘सबस्टन्स पी’सारखी द्रव्यं सुटून सूज वाढते. ॲलर्जी निर्माण केलेल्या उंदरांना सतत आवाजाच्या ताणात ठेवलं तेव्हा त्यांच्या श्वासनळ्या जास्त चटकन आवळल्या आणि फुप्फुसातली सूजही वाढली. मांजरांवर इतका नेमका पुरावा माझ्या वाचनात नाही, पण आधीच सुजलेल्या श्वासनळीबाबत तुमची शंका रास्त आहे.

गिरणाऱ्याला न्याच, पण आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी. तिची गोधडी, तिचाच मातीचा ट्रे सोबत द्या. पिंजरा आजपासून उघडा ठेवून त्यातच खायला घाला. प्रवासासाठी गॅबापेंटिन (भीती कमी करणारं औषध) चालेल का, हे तिच्या डॉक्टरांना विचारा. दिलं तर आधी घरी एकदा देऊन बघा. स्टेरॉइडचा पंप एकही दिवस चुकवू नका, त्याचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कानात कापूस घालू नका.

शांत झोपेत श्वास सतत ३० च्या वर राहताहेत, म्हणून विसर्जनाची वाट न बघता उद्याच दाखवून या. तोंड उघडून श्वास घेऊ लागली किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर रात्री दोन वाजतासुद्धा निघा.

धागाकर्ती

उद्या सकाळी ९ ची वेळ घेतली. पिंजरा माळ्यावरून काढला, तिची गोधडी आत घातली. अजून लांबूनच हुंगतेय.